भेगेतून आलेला उजेड

वैशाख सरत आला की परभणी-हिंगोलीकडच्या भारी काळ्या रानाला भेगा पडतात. हात घातला तर कोपरापर्यंत जावा अशा. पराट्या उपटलेल्या रानात त्या ठळक दिसतात, एकमेकींना जाऊन मिळतात, आणि मधे परातीएवढाली ढेकळं सुटी उभी राहतात. मग मृगाचा पहिला दणका येतो. अर्धा तास धो-धो कोसळून पाऊस उघडतो. त्यानंतर रानात जाऊन एखादं ढेकूळ फोडून पाहावं. वर दोन बोटं ओल, आत कोरडी भुकटी. आणि शेजारच्या भेगेत हात घालावा तर हातभर खाली चिखल. पाणी मातीत मुरत खाली गेलेलंच नसतं. जिथं वाट सापडली तिथून ते थेट उतरलेलं असतं.

अकरा अब्ज वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून अतिनील प्रकाश बाहेर पडला, तो असाच. दीर्घिकेतला वायू त्या प्रकाशाला पिऊन टाकणाराच होता, पण एका ठिकाणी अरुंद फट होती. ती फट आपल्याला कळली ती वाटेत आडव्या आलेल्या एका दीर्घिकासमूहामुळे. त्याच्या गुरुत्वाकर्षणानं भिंगाचं काम केलं आणि एकाच जागेच्या बारा प्रतिमा आपल्यापुढे मांडल्या.

अतिनील म्हटलं की आपल्याला करपवणारं ऊन आठवतं. ते अतिनील ३०० ते ४०० नॅनोमीटरचं, तुलनेनं सौम्य. इथे ज्याची गोष्ट आहे त्याची तरंगलांबी ९१.२ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी. हायड्रोजनच्या अणूतला एकुलता इलेक्ट्रॉन उपटून काढायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते, आणि एवढी ऊर्जा बाळगणाऱ्या फोटॉनची तरंगलांबी बरोबर ९१.२ नॅनोमीटर भरते. थिओडोर लायमनच्या नावावरून या हद्दीला लायमन सीमा म्हणतात आणि तिच्या अलीकडच्या, म्हणजे आखूड तरंगलांबीच्या प्रकाशाला लायमन कंटिन्यूअम. बोलताना अभ्यासक नुसतं ‘एलवायसी’ म्हणतात. हा प्रकाश तयार करतात ते भलेमोठे, निळे, तीस हजार अंशांहून तापलेले तारे. त्यांचं आयुष्य अगदी थोडं, काही दशलक्ष वर्षांचं. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

असा फोटॉन हायड्रोजनच्या अणूवर आदळला की अणू फुटतो आणि फोटॉन तिथंच संपतो. किती लवकर संपतो, याचा हिशेब कागदावर करता येतो. लायमन सीमेवर एका हायड्रोजन अणूचं ‘अडवण्याचं क्षेत्रफळ’ ६.३ गुणिले दहाचा उणे १८ वा घात चौरस सेंटिमीटर आहे. आता समजा, दर घन सेंटिमीटरात फक्त एक अणू आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेत तेवढ्याच जागेत अडीच लाख कोटी कोटींच्या आसपास रेणू असतात. म्हणजे हा वायू जवळपास पोकळीच. तरीही भागाकार केला तर फोटॉनची सरासरी धाव १.६ गुणिले दहाचा १७ वा घात सेंटिमीटर निघते. प्रकाशाच्या वेगानं दोन महिन्यांचं अंतर. दीर्घिका हजारो प्रकाशवर्षं पसरलेली, आणि प्रकाश दोन महिन्यांत गारद! चकतीतल्या नेहमीच्या वायूचा थर हिशेबात धरला तर तो या प्रकाशासाठी लागणाऱ्या जाडीच्या हजारपट तरी जाड असतो.

म्हणून ‘दीर्घिकेतून किती अतिनील बाहेर पडतो’ या प्रश्नाचं सरळ उत्तर शून्य असायला हवं. ते शून्य नाही, याला आपलं सगळं विश्व साक्षी आहे.

महास्फोटानंतर तीन लाख ऐंशी हजार वर्षांनी विश्व इतकं निवलं की इलेक्ट्रॉन-प्रोटॉन जोडीनं राहू लागले आणि सगळीकडे उदासीन हायड्रोजन भरला. आज मात्र दीर्घिकांमधल्या विराट पोकळीतला हायड्रोजन जवळजवळ सगळा फुटलेला, म्हणजे आयनीभूत आहे. हे काम विश्व साधारण एक अब्ज वर्षांचं होईपर्यंत उरकलं होतं. ज्यानं ते केलं त्याच्याकडे १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचे फोटॉन होते, आणि ते दीर्घिकेच्या बाहेर पडले होते. संशयित बरेच आहेत, पण बहुतेकांचं बोट लहान, तरुण दीर्घिकांकडेच जातं. त्यांच्या ताऱ्यांनी तयार केलेल्या प्रकाशापैकी दहा ते वीस टक्के बाहेर पडला तर हिशेब जुळतो, असं नेहमीचं गणित सांगतं. अडचण अशी, की जवळच्या दीर्घिका मोजायला घेतल्या तर बहुतेकांचा आकडा शून्याच्या आसपास घोटाळतो.

प्रकाश निसटण्याच्या दोन रीती कल्पिता येतात आणि त्यांतला फरक समजून घेणं महत्त्वाचं आहे. पहिली रीत, टच्च भिजलेल्या रानाची. ताऱ्यांनी भोवतालचा सगळाच वायू फोडून टाकला, अडवायला उदासीन अणू उरलाच नाही, की वरचा प्रकाश चारी बाजूंनी वाहू लागतो. श्रावणात जमीन गच्च झाली की त्यापुढचं पाणी बांधावरून ओसंडतं, तसं. दुसरी रीत भेगांची. वायू दाट आहे, अपारदर्शक आहे, पण मधे मधे फटी आहेत. फटीसमोर जो असेल त्याला झगझगीत उजेड दिसेल, बाकीच्यांना अंधार. दुरून पाहणाऱ्याला दोन्हींत सारखंच काहीतरी दिसू शकतं: थोडासा प्रकाश. ‘दहा टक्के बाहेर आला’ म्हणजे सगळीकडून दहा-दहा टक्के झिरपला, की एका जागेतून जवळजवळ सगळा आला आणि बाकीकडून काहीच नाही? दीर्घिका जोवर दुर्बिणीत एक अस्पष्ट ठिपका असते तोवर हे सांगता येत नाही.

इथे भिंग लागतं.

जाड बुडाचा चहाचा ग्लास वर्तमानपत्रावर ठेवून वरून पाहिलं की अक्षर ताणतं, वाकतं, ग्लास जरा सरकवला की एकाच अक्षराच्या दोन आकृत्या होतात. दीर्घिकासमूहाचं वस्तुमान अवकाशाला वाकवतं तेव्हा मागच्या दीर्घिकेचं हेच होतं. आइनस्टाइननं १९३६ मध्ये एका ताऱ्यामुळे दुसऱ्याचा प्रकाश असा वाकेल हे लिहिलं आणि ते प्रत्यक्ष दिसण्याची आशा नाही असंही म्हटलं. पुढच्याच वर्षी फ्रिट्झ झ्विकीनं सांगितलं की तारा सोडा, अख्ख्या दीर्घिकाच भिंग होतील. पहिलं भिंग सापडायला १९७९ साल उजाडलं. एका क्वेसारच्या, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या अतितेजस्वी केंद्राच्या, दोन प्रतिमा होत्या त्या.

या भिंगाचे दोन गुण आपल्या कामाचे. एक, ते रंगभेद करत नाही. काचेचं भिंग निळा आणि तांबडा प्रकाश वेगवेगळा वाकवतं. गुरुत्वाकर्षण सगळ्यांना सारखं. दुसरा गुण जरा बारकाईचा. भिंग प्रतिमेचं क्षेत्रफळ वाढवतं, पण आकाशाच्या दर चौरस कोनीय सेकंदामागची तेजस्विता तीच ठेवतं. मग फायदा काय? जी वस्तू पसरट आहे तिचं दर पिक्सेल तेज वाढत नाही, पण बारकावे सुटे होतात. आणि जी वस्तू इतकी लहान की ताणूनही ठिपकाच राहते, तिचा सगळा वाढीव प्रकाश त्याच चार-सहा पिक्सेलांत पडतो. कॅमेऱ्याचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. एका लहानशा तारकागुच्छातून येणारा एलवायसी शोधायचा तर निसर्गानं याहून चांगलं यंत्र दिलं नसतं.

सनबर्स्ट आर्क नावाची ती दीर्घिका २०१६ साली प्रकाशझोतात आली. प्लांक उपग्रहाच्या यादीतल्या एका दीर्घिकासमूहाभोवती चिलीतल्या ला सिया वेधशाळेच्या न्यू टेक्नॉलॉजी टेलिस्कोपनं लांबच लांब तेजस्वी कमानी टिपल्या. समूहाची ताम्रसृती (विश्व पसरल्यामुळे वाटेत प्रकाशाच्या तरंगलांबीत मुळच्या किती पट भर पडली, ते माप) ०.४४, त्याचा प्रकाश साडेचार अब्ज वर्षांचा. मागच्या दीर्घिकेची ताम्रसृती २.३७, प्रकाश अकरा अब्ज वर्षांचा. भिंगानं तिला ठिकठिकाणी दहा ते तीसपट उजळलं आहे. आतापर्यंत माहीत असलेल्या सर्वांत तेजस्वी भिंगित दीर्घिकांपैकी एक म्हणून तिचं नाव झालं. मराठवाड्यातून ती कधीच दिसत नाही, दुर्बीण कितीही मोठी आणली तरी. तिची क्रांती, म्हणजे आकाशातला अक्षांश, उणे ७८ अंश, आणि लातूर-नांदेडच्या अक्षांशावरून उणे ७१-७२ अंशांच्या खालचं आकाश क्षितिजावर येतच नाही.

मोजमाप कसं करतात ते आता नीट पाहू, कारण या विषयातली अर्धी भांडणं मोजमापातली आहेत.

आधी ताम्रसृती पक्की करायची, दशांशाच्या तीन-चार घरांपर्यंत. त्यासाठी तापलेल्या वायूच्या रेषा घेतात. ऑक्सिजनची ५००.७ नॅनोमीटरची रेषा या दीर्घिकेत ३.३७ पट ताणून १६८७ नॅनोमीटरला येते, म्हणजे अवरक्तात. ताम्रसृती कळली की लायमन सीमा कुठं सरकली ते कळतं: ९१.२ गुणिले ३.३७, म्हणजे ३०७ नॅनोमीटर. हा प्रकाश जमिनीवर पोचत नाही, ओझोन त्याला वरच अडवतो. दुर्बीण अवकाशातच हवी. याहून दूरच्या, तीनच्या पुढच्या ताम्रसृतीच्या दीर्घिका घेतल्या तर सीमा जमिनीवरून दिसणाऱ्या पट्ट्यात येते खरी, पण मधल्या वाटेवरचे हायड्रोजनचे ढग वाढत जातात. चारच्या पुढे फारसं काही पोचत नाही, आणि सहाच्या पुढे, ज्या काळाबद्दल खरा प्रश्न आहे तिथून, काहीच नाही. म्हणजे ज्यांनी विश्व आयनीभूत केलं त्यांना रंगेहाथ पकडण्याची सोय नाही. त्यांच्या नंतरच्या पिढीकडे पाहून अंदाज बांधायचा.

मग फिल्टर निवडायचा. हबल अवकाश दुर्बिणीच्या वाइड फील्ड कॅमेरा ३ वरचा एफ२७५डब्ल्यू फिल्टर मुख्यतः ३०७ नॅनोमीटरच्या अलीकडचा प्रकाश घेतो. त्याची तांबडी कड सीमेपलीकडे किती जाते हे आधी तपासावं लागतं, नाहीतर लायमन सीमेच्या वरचा साधा अतिनील आत शिरून ‘गळती सापडली’ असा आनंद होतो. भिंगसमूहातल्या जुन्या तांबड्या दीर्घिका शेजारी असतात, त्यांचा उजेडही काळजीनं वजा करावा लागतो.

खरी डोकेदुखी सीसीडीची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चिपची आहे. अतिनीलमध्ये आकाश जवळजवळ कुट्ट काळं. पिक्सेलमध्ये जमलेले मोजके इलेक्ट्रॉन वाचण्यासाठी ओळीनं एका पिक्सेलमधून दुसऱ्यात सरकवत कडेपर्यंत नेतात. हा कॅमेरा मे २००९ पासून अवकाशात आहे. वैश्विक किरणांच्या माऱ्यानं त्याच्या सिलिकॉनमध्ये असंख्य बारीक खड्डे पडले आहेत, आणि सरकत्या इलेक्ट्रॉनांपैकी काही त्यांत अडकतात. ज्यानं रात्री पिकाला पाणी दिलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. कोरडा पाट आधी स्वतः पाणी पितो. मोटर चालू करून पाऊण तास झाला तरी शेवटच्या वाफ्यात धार येत नाही, आणि धार बारीक असेल तर ती पोचतच नाही. उपायही तोच: पाट आधी भिजवून घ्यायचा. फोटो घेतल्यावर वाचण्याआधी कॅमेऱ्यातला दिवा किंचित लावून प्रत्येक पिक्सेलमध्ये डझनभर ते वीस इलेक्ट्रॉन मुद्दाम भरतात. खड्डे त्यांनी बुजतात, दीर्घिकेचे इलेक्ट्रॉन पुढे जातात. किंमत अशी, की भरलेल्या वीस इलेक्ट्रॉनांचा स्वतःचा चार-साडेचार इलेक्ट्रॉनांचा गोंगाट चित्रात येतो, आणि वाचताना होणारा तीनेक इलेक्ट्रॉनांचा वेगळा. अशा गोंगाटातून फिकट खूण उचलायची, तर अनेक फेऱ्यांची चित्रं थोडीथोडी सरकवून घ्यावी लागतात आणि एकावर एक रचावी लागतात.

आकडा कसा काढतात, तो गमतीचा भाग आहे. समजा, ताऱ्यांच्या प्रारूपानुसार तरुण गुच्छ १५० नॅनोमीटरला ३०० एकक प्रकाश देतो तेव्हा ९० नॅनोमीटरला १०० देतो. दुर्बिणीत पहिला ३०० दिसला आणि दुसरा १०. म्हणजे वरवर पाहता दहा टक्के आला. पण वाटेतल्या ढगांनी निम्मा खाल्ला असेल तर दीर्घिकेच्या वेशीवर तो २० होता. वीस टक्के? अजून थांबा. १५० नॅनोमीटरचा प्रकाशही दीर्घिकेतल्या धुळीनं निम्मा खाल्ला असेल तर मुळात तो ६०० होता आणि एलवायसी २००. २०० पैकी २०. पुन्हा दहा टक्के. एकाच निरीक्षणातून दहा, वीस आणि दहा. शोधनिबंधात कोणता आकडा सापेक्ष (धूळ न धरता काढलेला) आणि कोणता निव्वळ (धूळ धरून काढलेला), हे न पाहता दोन दीर्घिकांची तुलना करणारे काही कमी नाहीत. वाटेतल्या ढगांनी निम्मा खाल्ला की पाऊण, हे तर एका दीर्घिकेपुरतं कुणालाच थेट मोजता येत नाही, सरासरीच लावावी लागते.

भिंग इथं मदत करतं आणि दगाही देतं. दोन्ही प्रकाश एकाच जागेतून आले असतील तर विवर्धन भागाकारात उडून जातं. पण एलवायसी एका गुच्छातून येतो आणि १५० नॅनोमीटरचा प्रकाश त्या गुच्छासह आजूबाजूच्या सगळ्या वस्तीतून. मोजण्याचं वर्तुळ जरा मोठं घेतलं की छेद फुगतो, टक्का घसरतो. भिंगाचा ताण जिथं सर्वाधिक असतो त्या रेषेजवळ गुच्छ असेल तर तो शेजाऱ्यांपेक्षा जास्त ताणला जातो आणि टक्का उलट फुगतो.

सनबर्स्टचं एफ२७५डब्ल्यूमधलं चित्र २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं, थॉगर रिवेरा-थॉर्सन आणि सहकाऱ्यांचं. दृश्य प्रकाशात जी कमान चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेली, ती या फिल्टरमध्ये जवळजवळ पुसली गेली आहे. उरले आहेत फक्त ठिपके. बारा. कमानीच्या चार तुकड्यांवर, प्रत्येक वेळी ताऱ्यांच्या त्याच एका गाठीच्या जागी. शेजारच्या गाठींमध्येही तरुण तारे आहेत. त्या मात्र गप्प.

या बारा ठिपक्यांनी एक जुनी शंकाही मिटवली. एलवायसी सापडल्याचे कित्येक दावे यापूर्वी मोडीत निघाले होते, कारण दूरच्या दीर्घिकेवर नेमकी एखादी जवळची फिकट निळी दीर्घिका येऊन बसलेली असायची आणि तिचा साधा अतिनील एलवायसी म्हणून खपायचा. एका ठिकाणी असा योगायोग होऊ शकतो. बारा ठिकाणी, नेमका त्याच गाठीवर, होत नाही.

आणि फटीचा पुरावा? तो दोन वर्षं आधीच, २०१७ मध्ये, वर्णपटात सापडला होता. हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची लायमन-अल्फा रेषा या कामात सगळ्यांत बोलकी. हा फोटॉन अणूला फोडत नाही. अणू त्याला गिळतो आणि लगेच कुठल्यातरी दुसऱ्याच दिशेला थुंकतो. दाट वायूत तो अक्षरशः असंख्य वेळा असा टोलवला जातो. टोलवाटोलवीत त्याची तरंगलांबी जराशी हलते, आणि मूळ जागेपासून पुरेशी लांब गेली, तांबडीकडे किंवा निळीकडे, की मगच वायू त्याला सोडतो. म्हणून दाट वायूतून आलेल्या रेषेला दोन शिखरं असतात आणि मधे, जिथं ती मुळात होती तिथं, खळगा. सनबर्स्टच्या वर्णपटात त्या खळग्यात तिसरं शिखर उभं आहे. बाजूची दोन शिखरं सांगतात की दाट वायू आहे. मधलं सांगतं की काही फोटॉन एकदाही न टोलवता सरळ बाहेर आले. दोन्ही एकाच वेळी खरं असायचं तर वायूला भोक असायलाच हवं. सगळं रान ओसंडत असतं तर बाजूची शिखरं अशी मिळाली नसती. ज्यांनी हा वर्णपट वाचला त्यांनी हबलकडे वेळ मागितला तो या तिसऱ्या शिखराच्या भरवशावर.

भेगेची उपमा एका ठिकाणी मात्र सोडून द्यावी लागते. रानाची भेग वाळण्यानं पडते, वायूची फट ताऱ्यांनी स्वतः पाडलेली असते. आणि त्यात वेळेची मोठी अडचण आहे. वायू ढकलून लावण्याची मोठी ताकद तारकास्फोटांत. पण स्फोट सुरू व्हायला तीनेक दशलक्ष वर्षं लागतात आणि स्फोट होतो म्हणजे एलवायसी देणारा महातारा मेला. फट पडते आणि दिवा विझतो. वाफसा साधण्यासारखंच आहे हे: लवकर पेरलं तर पाणी साचून बी कुजतं, उशीर केला तर ओल उडते. सनबर्स्टमधली गळकी गाठ म्हणजे सुमारे एक कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचा, तीसेक लाख वर्षांचा, अतिशय आटोपशीर गुच्छ आहे. महातारे अजून जिवंत आहेत, आणि वायू वेगानं बाहेर फेकला जात असल्याच्या खुणा वर्णपटात आहेत. म्हणजे फट पाडण्याचं बरंचसं काम ताऱ्यांच्या वाऱ्यांनी आणि खुद्द प्रकाशाच्या दाबानं उरकलं असावं. माझा कौल तरी तिकडेच आहे. इतके तारे इतक्या थोड्या जागेत एकवटले नसते तर हा नेम साधला नसता.

म्हणूनच ‘अख्ख्या दीर्घिकेचा टक्का’ हा आकडा मला जिल्ह्याच्या सरासरी पावसासारखा वाटतो. मंडळाच्या गावी पर्जन्यमापकात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी; शिवेपलीकडच्या शिवारात त्याच रात्री धूळ उडत असते, आणि विम्याच्या कागदावर दोन्ही रानं सारखीच भिजलेली. आकडा खोटा नसतो, पण कुठल्याच रानाचा नसतो. जवळच्या विश्वातही हेच दिसलं. ताम्रसृती ०.३ च्या आसपासच्या ६६ दीर्घिका हबलनं तपासल्या, ३५ मध्ये एलवायसी मिळाला. ‘हिरवे वाटाणे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान दीर्घिकांच्या जातकुळीत एक तर ७२ टक्के गळते, दुसरी जेमतेम दोन-चार टक्के. फट आपल्याकडे तोंड करून होती की पाठ, यावरही आकडा ठरतो. ज्या दीर्घिकांना आपण कोरड्या म्हणून बाजूला टाकल्या, त्यांतल्या काही दुसऱ्या कुणासाठी झगझगत असणार.

बारा प्रतिमांचा आणखी एक उपयोग निघाला, तो मूळ प्रश्नाच्या बाहेरचा. गुच्छ एकच, मग बाराही ठिकाणी एलवायसी आणि साध्या प्रकाशाचं प्रमाण सारखं यायला हवं. येत नाही, काही प्रतिमांत ते दुसऱ्यांच्या कितीतरी पट आहे. कारण प्रत्येक प्रतिमेचा प्रकाश किंचित वेगळ्या वाटेनं आला, आणि एखाद्या वाटेवर हायड्रोजनचा ढग होता, दुसरीवर नव्हता. या वाटा निघताना एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत, की तो ढग काहीशे पार्सेकांहून (एक पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं) मोठा असू शकत नाही. कदाचित काही दहा पार्सेकांचाच. दीर्घिकांच्या बाहेरचा इतका बारीक वायू मोजण्याची दुसरी रीत मला तरी माहीत नाही.

जाता जाता: औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहायची आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. तिला अतिनील दिसणार नाही. पण गुरुत्वीय लहरीही अशाच भिंगातून वाकतात, आणि वाटा कमी-जास्त लांबीच्या असल्यानं दोन कृष्णविवरांच्या एकाच टकरीची हाक दोनदा, वेगवेगळ्या वेळी ऐकू येऊ शकते. एका जागच्या बारा प्रतिमांचं तेच नातं, फक्त कानानं.

भिंगाशिवायही एक गळती पकडली गेली आहे आणि ती पकडणाऱ्यांत पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था पुढे होती. २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेल्या अॅस्ट्रोसॅट उपग्रहावर अवघ्या ३८ सेंटिमीटर आरशाची अतिनील दुर्बीण आहे. हबलचा आरसा २.४ मीटरचा. तरीही ऑक्टोबर २०१६ मध्ये २८ तास एका जागी रोखून तिनं जे टिपलं ते हबलला जमलं नव्हतं, कारण तिचा शोधक एकेक फोटॉन सुटा मोजतो. वाचण्याचा गोंगाट नाही, पाट भिजवायची गरज नाही. कनक साहा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ती दीर्घिका जाहीर केली: एयूडीएफएस०१, ताम्रसृती १.४२, प्रकाश ९.३ अब्ज वर्षांचा. तिथून सुटलेला फोटॉन निघताना ६० नॅनोमीटरच्या आसपासचा होता, लायमन सीमेच्या बराच आत. एवढ्या आखूड लांबीचा प्रकाश अडवण्याची हायड्रोजनची ताकद घनाच्या प्रमाणात घटत जाते, म्हणून तो तुलनेनं सहज निसटतो. पण ताऱ्यांकडून तो मुळात निघतोही कमी. निदान वीस टक्के बाहेर येतो आहे असा हिशेब निघाला. किती फटींतून, ते मात्र त्या चित्रात दिसत नाही. वाटेत भिंग नाही.

ही दीर्घिका मराठवाड्याच्या आकाशात उगवते. क्रांती उणे २८ अंश. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास, रब्बीच्या गव्हाला पाणी द्यायला लाइट येते तेव्हा, ती बरोबर दक्षिणेला, क्षितिज आणि डोक्याच्या निम्म्या उंचीवर असते. मृगाच्या उजवीकडे खाली, जिथं नुसत्या डोळ्यांना धड एकही ठळक तारा दिसत नाही, त्या फॉर्नॅक्स तारकासमूहाच्या मोकळ्या पट्ट्यात. दारं धरणारा माणूस एक वाफा भरला की खोऱ्यानं बांध फोडून पाणी पुढच्या वाफ्यात घेतो, आणि तो फुटलेला बांध पुन्हा मातीनं बुजवेपर्यंत ती जागा अंशभर पश्चिमेला सरकलेली असते.